पहिल्या शब्दाआधी

अरे, ऐका तर! अंधेरीची आपली ऋतिका घरूनच डबिंग करते ना, तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या शब्दाच्या आधी कुणीतरी श्वास घ्यायचं. तिचा नाही हां. पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन, दम रोखून बसली तरी तो यायचाच.

त्या दिवशी पाचच्या आत एका मोठ्या सिरियलची ऑडिशन पाठवायची होती. दोष कॉम्प्युटरचाच म्हणत मित्र सिद्धेश सकाळपासून त्याच्यापाशी ठाण मांडून बसलेला.

"नुसती सिस्टीम अपग्रेड कर ना रे," ऋतिका म्हणाली. " माझं सगळं जसंच्या तसं राहील."

"सगळं म्हणजे तो श्वासपण राहील, बावळट! क्लीन इन्स्टॉल. डिस्क पुसून एकदम कोरी."

"आणि वेळेत नाही झालं तर? वाट लागेल माझी."

"मग श्वासासकट पाठव. दोघांना रोल मिळेल."

तिला हसू आलं नाही. तरी ती हो म्हणाली.

डिस्क पुसली, नवी सिस्टीम चढली, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलं. साडेचार झाले. "मी येईपर्यंत डायलॉग रेकॉर्ड करून टाक," म्हणत सिद्धेश खाली चहा आणायला गेला. ऋतिकाचा घसा पार सुकलेला. ती किचनमध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत राहिली.

बाहेर आली तर सिद्धेश हेडफोन लावून डोलत होता.

"झकास, यार! श्वास गायब. आणि शेवटी काय रडलीयस! पाठवूनपण दिलं मी."

तिने हेडफोन कानाला लावला. आवाज तिचाच. डायलॉग शेवटपर्यंत, एक चूक नाही.

"सिद्धेश," ती हळूच म्हणाली, "माईक अजून कपाटातून काढलाच नाही रे मी."