टाळूचं कातडं

"दांत घट्ट आहे, सर," डॉक्टर विश्वेश आरसा बाहेर काढत म्हणाले. "भोंवतीची हिरडी पातळ झालीय, म्हणून रक्त येतें. टाळूचं थोडकं कातडं काढून तिथं शिवतों. शुक्रवारी या. भिऊं नका. सरिया? बरं ना?"

टाळू म्हटल्यावर विजयकुमारचा हात डोक्याकडे गेला.

डॉक्टर तंजावरचे मराठी. चेन्नईत आपल्या भाषेत बोलणारा दंतवैद्य मिळाला म्हणून तो खूश होता. आता वाटलं, तमिळच बरी होती. निदान कळलं तरी नसतं.

त्याच्या टाळूवर चौदा वर्षं टोप होता. दाट, भांग पाडलेला. गिंडीच्या कारखान्यात कुणालाही संशय आला नव्हता. कौमुदीलाही नाही. आणि पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न होतं.

तसा तो लबाड नव्हता. समोरचा दात इम्प्लांटचा आहे, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. "मला लपवाछपवी मुळीच खपत नाही," म्हणत तिने त्याचं तोंडभर कौतुक केलं. त्या कौतुकात टोपाचं राहून गेलं. मग ती समुद्रावर जाऊ म्हणाली, की तो तिला टी. नगरला साड्या बघायला नेई. दुकानात वारा नसतो. तासन्‌तास साड्या बघणारा पुरुष मिळायला नशीब लागतं, असं ती तिच्या शाळेतल्या बायकांना सांगे.

शुक्रवारी ती सोबत आलीच. डॉक्टरांनी हातमोजे चढवले तसा विजयकुमार खुर्चीत उठून बसला. लग्न मोडणारच असेल तर टोप डॉक्टरांनी काढण्यापेक्षा आपणच काढलेला बरा, असं त्याने ठरवलं.

"कौमुदी, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला आणि टोप काढून ट्रेमध्ये चिमट्यांशेजारी ठेवला.

"अय्यो," नर्स कनका म्हणाली.

कौमुदीने ट्रेकडे पाहिलं. मग उठली. गेली, असं त्याला वाटलं. तिने टोप उचलला, झटकला आणि पर्समध्ये कोंबला.

"टाके निघाले की समुद्रावर जायचं," ती म्हणाली. "साड्या पुरे झाल्या."

विजयकुमारचे डोळे भरून आले. त्याने टक्कल डॉक्टरांपुढे केलं.

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला.

"झालं, सर? आतां आ करा. मला आंतली टाळू पाहिजे."