नवा कंडेन्सर

काळूची होडी खाडीत रिकामीच सापडली. तिचं जुनं मशीन त्याच्या बायकोने, गंगीने, भर दुपारी रोह्याला बाबाजी मिस्त्रीच्या गॅरेजात आणून ठेवलं.

"मिस्त्री, ह्ये बंद कसं पडलं त्ये बघा. कंडेन्सर तर तुम्हीच बदललात."

"व्हय," बाबाजी खाली बघत म्हणाला.

त्याने प्लग काढून वायरीला लटकता ठेवला. मग वरचं जड चाक उतरवून बाकावर ठेवलं. ते चाक फिरल्याशिवाय प्लगला ठिणगी येत नाही.

चाकाखाली त्यानेच बसवलेला बोटभर कंडेन्सर होता; तो खराब झाला की ठिणगी मरते आणि मशीन बंद पडतं. धाटावच्या कुणा कामगाराच्या स्कूटरमधून काढलेला, रॉकेलने पुसून चकचकीत केलेला. बाबाजीने त्यावर पंजा ठेवला.

"नवाच घातलावता ना?"

"नवाच गो."

टक्. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी पडली.

दोघांनी बाकाकडे पाहिलं. चाक तिथेच होतं.

"ह्ये काय झालं?"

"जुनी मशिनं करतात असं कधी कधी."

टक्.

बाबाजीचे कान तापले. गंगीकडे बघायची त्याला हिंमत होईना. त्याने पकडीने वायर तोडली, कंडेन्सर उपटला आणि मुठीत आवळून धरला.

गंगी हळू आवाजात म्हणाली, "मशीन नेताना ह्यांनी तुम्हाला इचारलं होतं, खाडीतनं परत आणील ना म्हणून. तुम्ही काय सांगितलंत?"

या वेळी बाबाजीने तोंडच उघडलं नाही.

त्याच्या बंद मुठीत टक् झालं.