धाकटीनं ठेवलेलं नाव

"आज नाव ठेवल्याशिवाय मी हलत नाही," ताई म्हणाली.

धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ शेजारच्या पाळण्यात होतं. जन्मल्यापासून तिनं पोरीला आपणहून एकदाही उचललं नव्हतं. सासू नाक मुरडून गेली, नवरा दारातूनच चौकशी करून परत फिरायचा. नावं ठेवायला सगळे होते, नाव ठेवायला कुणी नव्हतं. डॉक्टरांनी तिला एकटं सोडू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळे ताई कॉलेजात रजा टाकून इथं दवाखान्यातच ठाण मांडून बसली होती. बहिणीनं एकदा तरी पोरीला जवळ घ्यावं, एवढाच तिला ध्यास लागला होता.

"लहानपणी तू माझ्या बाहुलीला झोई म्हणायचीस," धाकटी अचानक म्हणाली. "त्याचा अर्थ काय गं?"

ताई इतिहास शिकवायची. तिला एवढं निमित्त पुरे होतं.

"ग्रीक नाव ते. झोई म्हणजे जीव. बायबल ग्रीकमध्ये नेलं, तेव्हा हव्वाला, म्हणजे जगातल्या पहिल्या बाईला, हेच नाव दिलं. पुढे ख्रिस्ती आईबाप मुलींना ते ठेवू लागले. मेल्यावरही जीवन आहे, या श्रद्धेनं. एक सम्राज्ञीही होती झोई. तीन नवरे केले पठ्ठीनं!"

"मला एकच जड गेला."

ताई खळखळून हसली. किती दिवसांनी धाकटीला चेष्टा सुचली होती!

धाकटी उठून बसली. तिनं बाळाला उचललं, निरखून पाहिलं आणि ताईच्या मांडीवर ठेवलं. "तुझ्याकडे कशी शांत राहते बघ."

"मग ठरलं? पोरीला जीव देणार तू?"

"हो," धाकटी म्हणाली. "जीव देणार. जा, तिला जरा ऊन दाखवून आण. मी पडते थोडी."

ताईचे डोळे भरून आले. बाळाला छातीशी धरून ती बाहेर पडली. जिन्यापाशी नर्स भेटली.

"सिस्टर, आमची धाकटी जीव देतेय!"

नर्सच्या हातातला ट्रे खडखडला.

"अहो, नाव! पोरीचं नाव! झोई म्हणजे जीव."

"भलतंच काय बोलता हो ताई! धसकाच बसला." नर्स हसत हसत वर गेली.

खाली अंगणात ऊन कोवळं होतं. ताई बाकावर टेकली. बाळानं तिचं बोट घट्ट धरलं होतं, आणि तिच्या मनावरचा मोठा भार उतरला होता.

थोड्या वेळानं नर्स जिना उतरून धावत आली. तिला धाप लागली होती.

"ताई... तुमच्या बहिणीनं जीव दिला."

ताई मनापासून हसली आणि बाळाकडे वाकली. "ऐकलंस का झोई? तुझं नाव आत्तापासूनच सगळ्यांच्या तोंडी झालं."