भरपगारी रजा

बाळंतपणासाठी सहा महिन्यांची भरपगारी रजा द्यायचा कायदा झाला, तेव्हा शर्टांच्या त्या कारखान्यात बायकांनी मशिनी थांबवून टाळ्या वाजवल्या होत्या. पण मालकीणबाईंची नजर लगेचच फिरली. जिने जिने गोड बातमी सांगितली, तिची शिलाई अचानक वाकडी दिसायला लागली आणि महिना भरायच्या आत ती घरी बसली.

कॉलर शिवणारी एकजण हे सगळं रोज बघत होती. नवरा बांधकामाच्या पायाडावरून पडून अंथरुणाला खिळलेला, घरात तिच्याशिवाय मिळवतं कुणी नाही. बरेच दिवस मनाशी जुळवाजुळव करून शेवटी ती मालकीणबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

“बाई, चार दिवस सुट्टी हवी होती. जावेचं बाळंतपण आहे, तिच्याकडे बघायला दुसरं कुणीच नाही. पाया पडते, नाही म्हणू नका.”

मालकीणबाईंनी मानही वर केली नाही. “बिनपगारी घे. आणि पाचव्या दिवशी आली नाहीस, तर पुन्हा येऊच नकोस.”

पाचव्या दिवशी भोंगा वाजायच्या आधीच ती मशीनवर हजर होती. शेजारच्या मशीनवरचीने हसून विचारलं, “काय गं, काय झालं जावेला?”

 

“मुलगी,” ती म्हणाली, आणि ढगळ एप्रनवर पसरत चाललेला दुधाचा ओला डाग एका हाताने झाकत तिने दुसऱ्या हाताने कॉलर पुढे ओढली.