बिल्ल्यावरचा चेहरा

बहात्तरच्या दुष्काळात लोक घरातली चांदी मोडायला सोलापुरात आणत. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांना मिळालेले चांदीचे बिल्ले मुशीत जाण्याआधी आपल्या हाती लागावेत, म्हणून मी सराफकट्ट्यावर जाऊन बसे.

मोहोळच्या गोजरबाईंनी कनवटीचा बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. बिल्ल्याच्या कडेवर कोरलेलं नाव मी वाचलं, "कुंडलिक." आजींनी पदर पुढे ओढला.

"मालक माजं. बसऱ्याच्या लढाईत गेलं. लगीन झालं तवा मी आट वर्साची, मान खालीच. नांदायला जायच्या आदीच ह्यो बिल्ला आला. त्येंचं तोंड काय बगितलंच न्हाय. ह्येच्यावर आंगठा फिरवत बसती."

"विकायचाय?"

"न्हाय बा. तुमी जाणकार. कसं दिसत्यात, तेवडं सांगा की."

"आजी, यावर इंग्लंडचा राजा असतो. बाजूला तोंड केलेला."

तरी मी भिंग लावलं. पन्नास वर्षं अंगठा फिरून राजा पार झिजला होता. झिजलेल्या जागी फेटा होता, कोवळी मिशी होती, तरणा चेहरा होता. समोर बघणारा.

उजेडाचा खेळ असेल म्हणून मी बिल्ला हळूहळू फिरवला. फेटा फिरला, मिशी फिरली. डोळे फिरले नाहीत. ते आजींकडेच लागून राहिले.

"बोला की," आजी म्हणाल्या. "माज्याकडं बगत्यात का?"