राणीचा तास

"घरात माणसं किती? अन् बघता काय? पिक्चर, क्रिकेट?" देविदासनं काउंटरवर राउटरचे दोन खोके ठेवत विचारलं.

"हात दिसले पायजेत," शेषराव म्हणाला.

देविदासला काही उमगलं नाही. वारंगा फाट्यावर ट्रकचे कमानपाटे बसवण्यात शेषरावचं आयुष्य गेलेलं; बोलणं बेताचंच. तरी त्यानं नीट सांगितलं. लेक राणी, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. नांदेडच्या निवासी शाळेत ती खुणांची भाषा शिकली. आता तीच भाषा तिला शिकवायची होती, लहानग्या बहिऱ्या लेकरांच्या आई-बापांना, घरी बसून, पडद्यावरून. पुण्याच्या एका संस्थेनं चाचणीचा तास ठेवला होता. मोबाइलच्या नेटवर चित्र सारखं थिजत राहिलं आणि तास वाया गेला.

"तुमचं-आमचं चित्र आडलं तरी आवाज येतो," शेषराव म्हणाला. "तिचा हात आडला की बोलणंच आडलं."

संस्थेनं आणखी एक संधी दिली होती. रविवारी अकराला. त्यानंतर नाही.

देविदासनं लहान खोका मागं सारला. "मग हा न्या. यात दोन नेटवर्क दिसतील. एक लांबवर जातं, पण सुस्त. दुसरं वेगाचं, पण ते भिंतीला भितं. लोखंडाला तर लईच. पोरगी जिथं बसती, तिथून जवळ लावा."

शनिवारी वायर ओढायला आलेल्या माणसानं राउटर पुढच्या खोलीत कपाटाशेजारी ठेवला. दिवे हिरवे झाले तसा तो निघून गेला.

रविवारी नऊ वाजता राणीनं बापाच्या हातात त्याचा मोबाइल दिला, त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि स्वतः मागच्या खोलीत जाऊन व्हिडिओ कॉल लावला. तपासायला खुणा करणारं माणूस हवं होतं. तिची आई चांगुणा घरात नव्हती. भल्या सकाळीच हळद काढायला गेली होती. चोवीस वर्षं बाप-लेकीचं बोलणं चांगुणाच्याच हातांनी इकडून तिकडं गेलं होतं. शेषरावला येत होत्या त्या पाच-सात खुणा. ये, जा, जेव, पाणी, थांब.

पडद्यावर राणीनं काहीतरी विचारलं. तिचा हात कपाळापाशी गेला आणि तिथंच थिजला. बोटं पसरलेली, तोंड अर्धवट उघडं.

दोन तास उरले होते. शेषरावनं मान वळवून पाहिलं. राउटर आणि मागच्या खोलीच्या मध्ये ते अवजड लोखंडी कपाट उभं होतं.

"लोखंड मलाच नडतं व्हय!" तो पुटपुटला आणि ड्रिल घेऊन आला.

वायरीचं वेटोळं सोडून त्यानं ती मधल्या खोलीत ओढली. राणीच्या दारावर उंच एक फळी ठोकली, राउटर तिच्यावर बसवला, वीज द्यायला लांब बोर्ड जोडला. दार उघडं ठेवलं. राणीनं वेगाचं नेटवर्क निवडलं, पासवर्ड टाकला आणि बापाला पुन्हा पुढच्या खोलीत पिटाळलं.

या वेळी तिचा हात थांबला नाही. कपाळावरून छातीवर आला, थरथरला, मग बोट बापाकडं वळलं. शेषरावला पुरतं कळलं नाही. त्यानं 'पुन्हा' म्हणून हात फिरवला. तिनं सावकाश, चेहऱ्यावर भीती आणून करून दाखवलं, तेव्हा उमगलं.

बाबा, तुम्हाला भीती वाटते?

शेषरावनं काळवंडलेली मूठ छातीवर ठेवली आणि हलवली. व्हय.

मला पण, राणी म्हणाली. मग हसली, कुडकुडून दाखवलं. तुमची खूण चुकली, ती तर थंडीची झाली.

त्यानं पुन्हा केली. तिनं बोटं सुधारून दाखवली. मग तास, उद्या, घर, आई-बाप अशा एकेक खुणा ती शिकवत गेली. साडेदहा वाजले तरी दोघं पडद्यावर होती, आणि चित्र एकदाही आडलं नाही.

अकराला राणी तासाला बसली. शेषराव घराला लागूनच असलेल्या आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. एक ट्रक वळून समोर थांबला. "उस्ताद, वेल्डिंग मारो, पाच मिनट का काम है," ड्रायव्हर म्हणाला.

वेल्डिंग लावलं की घरातले दिवे मंद व्हायचे.

"घंटाभर नहीं. अंदर मेरी बेटी पढ़ा रही है."

ड्रायव्हर कुरकुरत चहाच्या टपरीकडं गेला. शेषराव बसून राहिला. आतून आवाज येणार नव्हताच, तरी कान दाराकडंच होते.

बाराला चांगुणा परतली. ती पायरीवर पाय ठेवते तोच राणी धावत बाहेर आली. दम लागलेला, डोळे भरलेले. शेषराव उठून वळला, तशी ती थेट बापासमोर उभी राहिली आणि तिचे हात भराभर चालू लागले. शेषरावनं एकदा थांबवलं. तिनं तेवढंच पुन्हा सांगितलं. त्याची मान हलली.

चांगुणा त्याच्या पाठीमागं उभी होती. पोरीचे हात बापाच्या आड होते, तिला काहीच दिसत नव्हतं.

"अवो, काय म्हणून राहिली?"

"घेतलं म्हणती तिला. उद्यापासून तास हाय. सहा घरची आई-बापं हायती." तो जरा थांबला. "अन् मलाबी बसायला सांगती. थंडीची अन् भीतीची खूण एक करतो म्हणती मी."

"अजून काय म्हणती?"

"थांब, सांगतो," शेषराव म्हणाला आणि पुन्हा लेकीकडं वळला.

चांगुणा पायरीवर टेकली. तिचे हळदीनं पिवळे झालेले हात मांडीवर स्वस्थ पडून होते.