चौथी बाजू

आमची कपाटं जुन्या कुडाच्या घरांसारखी दिसतात. लाकडी सांगाडा मी करतो, वेताच्या भिंती बायको विणते. गाठी आतल्या बाजूला याव्या लागतात, म्हणून ती कपाटात बसूनच विणते. तीन बाजू झाल्या की बाहेर येते आणि चौथी वेगळ्या चौकटीवर विणून बसवते. "नाहीतर एक दिवस स्वतःलाच विणून घेशील," असं मी तिला चिडवायचो.

काल तीन बाजू झाल्या आणि वेताने तिचा उजवा अंगठा कापला. पट्टी मीच बांधली.

आज सकाळी कारखाना उघडला, तर चौथी बाजूही विणलेली होती. थेट कपाटावरच.

"अगं, कमाल केलीस!" मी घराकडे तोंड करून ओरडलो. "पण बाहेर आलीस कुठून?"

ती हात पुसत आली. "काहीतरीच काय! मी कालपासून त्याला हात लावलेला नाही."

मी विणीतून आत डोकावलो. आत मिट्ट काळोख. गाठी मात्र सगळ्या आतून होत्या, तिच्याच तीन वेढ्यांच्या. शेवटच्या गाठीवर रक्त होतं, अजून ओलं.

मी सुरी उचलली. तेवढ्यात वेताचं एक मोकळं टोक सर्रकन आत ओढलं गेलं.

"अहो," आतून बायकोचा दमलेला आवाज आला, "कधीची हाका मारतेय. उघडा ना."

माझा दंड कुणीतरी घट्ट धरला.

"उघडू नका," शेजारी उभी असलेली बायको म्हणाली.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. पट्टी डाव्या अंगठ्याला होती.